एका मशीनवर अनेक कंपायलर: लायब्ररींची टक्कर कशी टाळायची

प्रोग्रॅम बिनतक्रार बिल्ड होतो. चालवायला गेलात की टर्मिनल एका ओळीत सांगतं, लिबएसटीडीसी++.एसओ.६ या सी++ च्या स्टँडर्ड लायब्ररीच्या फाइलमध्ये ‘जीलिबसीएक्सएक्स ३.४.३०’ सापडलं नाही. फाइल तर जागेवर दिसते. मग सापडलं नाही ते काय? दुसरा कंपायलर टाकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही ओळ कधी ना कधी भेटते. अशा वेळी इंटरनेटवर मिळेल ती कमांड चिकटवत गेलं, तर धडधाकट चालणारं मशीनही बिघडतं. म्हणून कमांडच्या आधी आत काय घडतं ते पाहू.

दुसरा कंपायलर लागतोच कशाला? नाशिकमधल्या अंबडच्या एमआयडीसीत कॅमेऱ्यानं पार्ट तपासणारं सॉफ्टवेअर लिहिणारी एखादी छोटी टीम डोळ्यांसमोर आणा. कॅमेऱ्यासोबत मिळालेली लायब्ररी जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर) ४.८ च्या काळातली, तिचा सोर्स कोड मिळत नाही. टीमला मात्र स्वतःचा कोड सी++२० मध्ये लिहायचा आहे. किंवा एम.टेक.ची एखादी विद्यार्थिनी घ्या. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी होळकर पुलापाशी किती वेळात पोहोचेल, याचा हिशेब तिला जुन्या फोरट्रान मॉडेलवर करायचा आहे. ते मॉडेल जीसीसी ९ वर मुकाट बिल्ड होतं आणि १० वर अडतं, कारण सबरूटीनला पाठवलेल्या आर्ग्युमेंटचे प्रकार जुळत नसतील तर पूर्वी चालून जायचं, १० पासून ती थेट एरर झाली. सी मध्येही तेच. फंक्शन आधी जाहीर न करता वापरण्याची जुनी सवय २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ नं एरर ठरवली. कंपायलर कडक होत चालले आहेत ही चांगलीच गोष्ट आहे, पण वर्षानुवर्षं वापरात असलेला कोड एका रात्रीत सुधारत नाही. म्हणून दोन-तीन कंपायलर शेजारीशेजारी ठेवावेच लागतात.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: कंपायलर हवे तेवढे ठेवा, पण प्रोग्रॅम चालताना सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी एकच असू द्या, आणि ती सर्वांत नवी असू द्या. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

डिस्कवर नेमकं काय येतं

‘कंपायलर टाकला’ म्हणतो तेव्हा निदान तीन गोष्टी डिस्कवर येतात: भाषांतर करणारा प्रोग्रॅम, त्याच्या हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या), आणि त्याच्यासोबतच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच. सी++ साठी लिबएसटीडीसी++, फोरट्रानसाठी लिबजीफोरट्रान, आणि सगळ्यांना लागणारी छोटी लिबजीसीसी. पहिल्या दोन गोष्टी फक्त बिल्ड करताना लागतात. त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असल्या की दहा व्हर्जनही एकमेकांना धक्का लावत नाहीत.

तिसरी गोष्ट वेगळी आहे. लायब्ररी प्रोग्रॅम चालताना, दर वेळी, नव्यानं शोधली जाते. आणि शोधणारा कंपायलर नसतो, प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी आणून जोडणारा लिनक्सचा लोडर असतो. बिल्ड करताना कंपायलरनं कुठली लायब्ररी पाहिली होती, याच्याशी लोडरला काही देणंघेणं नाही. तो ठरलेल्या क्रमानं फोल्डर धुंडाळतो आणि हव्या त्या नावाची पहिली फाइल मिळाली की थांबतो. बहुतेक सगळ्या टकरी इथेच होतात.

आता फाइलच्या नावातला तो ६ पाहा. २००४ मध्ये जीसीसी ३.४ आलं, तेव्हापासून हा आकडा बदललेला नाही. लायब्ररी जीसीसी ४.८ ची असो की १४ ची, लोडर तिला एकाच नावानं हाक मारतो. आत मात्र नव्या आवृत्त्यांनी भर घालत नेली आणि प्रत्येक भरीला ‘जीलिबसीएक्सएक्स’ या नावाखाली क्रमांक दिला. जीसीसी ५ ची भर ३.४.२१, ११ ची ३.४.२९, १२ ची ३.४.३०, १४ ची ३.४.३३. वर्कशॉपमधल्या फिक्स्चरचं, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीचं, असंच असतं. ड्रॉइंग नंबर तोच, रिव्हिजन नवी. जुनं एकही भोक बुजवलेलं नाही, नवी चार वाढवलेली. जुना पार्ट नव्या फिक्स्चरवर नीट बसतो, नवा पार्ट जुन्या फिक्स्चरवर बसत नाही.

सुरुवातीच्या एररचा अर्थ इथे उलगडतो. प्रोग्रॅम जीसीसी १२ च्या हेडरवर बनला, त्यात ३.४.३० ची मागणी नोंदली गेली, आणि लोडरच्या हाती त्या नावाची जुनी फाइल लागली. मशीनवर दुसऱ्या फोल्डरमध्ये नवी फाइल असली तरी उपयोग नाही, कारण पहिली सापडल्यावर लोडर पुढे बघत नाही. शिवाय चालू प्रोग्रॅममध्ये एका नावाची लायब्ररी एकदाच लोड होते. आधी जुनी आत शिरली असेल, तर मागून येणाऱ्या प्लगइनला तिच्यावरच भागवावं लागतं.

पायथॉन वापरणाऱ्यांना हा अनुभव कोंडा या पॅकेजं सांभाळणाऱ्या टूलमध्ये येतो. कोंडाच्या बहुतेक एन्व्हायर्नमेंटमध्ये तिची स्वतःची लिबएसटीडीसी++ असते. ती सिस्टिमच्या लायब्ररीपेक्षा जुनी असेल आणि नंतर ग्राफिक्स ड्रायव्हरसारखी सिस्टिमची लायब्ररी त्याच प्रोग्रॅममध्ये लोड झाली, की तीच एरर. लोक मग सिस्टिमची फाइल उचलून कोंडाच्या फोल्डरात टाकतात. त्यापेक्षा त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये कोंडा-फोर्ज या पॅकेजांच्या साठ्यावरून लिबएसटीडीसी++ चं नवं पॅकेज घ्या. पुढच्या अपडेटला ते टिकतं, हातानं टाकलेली फाइल टिकेलच असं नाही.

उबंटूवर

उबंटू आणि डेबियनवर हा प्रश्न पॅकेज बनवणाऱ्यांनी खूप समजूतदारपणे सोडवला आहे. उबंटू २२.०४ मध्ये जीसीसी ९ पासून १२ पर्यंतची व्हर्जन थेट ॲप्ट या पॅकेज टाकणाऱ्या कमांडनं मिळतात. ‘जी++-९’, ‘जी++-१२’ अशी पॅकेजं टाकली की त्याच नावांच्या कमांड तयार होतात. प्रत्येकीची हेडर तिच्या आकड्याच्या फोल्डरात. स्टँडर्ड लायब्ररी मात्र अख्ख्या सिस्टिमसाठी एकच, आणि ती मुद्दाम नवी ठेवलेली. २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११ आहे, पण चालताना वापरली जाणारी लिबएसटीडीसी++ जीसीसी १२ ची आहे. जीसीसी ९ च्या फोल्डरमधली लायब्ररीची लिंकसुद्धा याच सामायिक फाइलकडे बोट दाखवते. वर सांगितलेला नियम इथे उबंटूतच रुजवलेला आहे. त्यामुळे ॲप्टमध्ये मिळणारं व्हर्जन चालत असेल तर सोर्सवरून बिल्ड करण्याच्या फंदात पडू नका.

दोन व्हर्जन टाकल्यावर ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ वापरून साध्या ‘जीसीसी’ कमांडमागचं व्हर्जन बदलायचं, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. त्या साध्या नावावर तुमच्या प्रोजेक्टशिवाय इतरही पुष्कळ गोष्टी विसंबून असतात. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर कर्नल अपडेट झाला की मागच्या मागे पुन्हा बिल्ड होतो, आणि कर्नल ज्या कंपायलरवर बनला त्याच्याशी त्याला जुळवून घ्यावं लागतं. तुम्ही ‘जीसीसी’ म्हणजे ९ असं करून ठेवलंत आणि रात्री कर्नल अपडेट झाला, तर सकाळी स्क्रीनच येणार नाही अशीही वेळ येऊ शकते. आणि एका प्रोजेक्टला ९, दुसऱ्याला १२ लागत असताना दिवसभर स्विच फिरवत बसणं चुकीला आमंत्रण आहे.

प्रत्येक प्रोजेक्टनं आपला कंपायलर पूर्ण नावानं मागावा. बिल्डसाठी मेकफाइल असेल तर ‘सीसी’ आणि ‘सीएक्सएक्स’ या व्हेरिएबलमध्ये ‘जीसीसी-१२’, ‘जी++-१२’ लिहा. सीमेक हे बिल्डचं टूल असेल तर त्याच्या टूलचेन फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल गिटमध्ये ठेवा, म्हणजे सोबत्यांच्या मशीनवरही तेच होईल. सीमेक पहिल्या रनला सापडलेला कंपायलर कॅशमध्ये लिहून ठेवतो. नंतर व्हेरिएबल बदललं तरी तो जुन्यालाच धरून बसतो. कंपायलर बदलला की बिल्ड फोल्डर नवा, ही सवय लावून घ्या. नाहीतर अर्ध्या ऑब्जेक्ट फाइली ९ च्या आणि अर्ध्या १२ च्या अशी खिचडी होते.

क्लँग हा दुसरा कंपायलर वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं: लिनक्सवर क्लँग स्वतःहून जीसीसीचीच स्टँडर्ड लायब्ररी वापरतो आणि त्यासाठी डिस्कवर दिसणारं जीसीसीचं सर्वांत मोठं व्हर्जन निवडतो. जीसीसी १२ चा फोल्डर आहे, पण त्याचं सी++ च्या डेव्हलपमेंट फाइलींचं पॅकेज टाकलेलं नाही, असं असेल तर ‘आयओस्ट्रीम’ हेडर सापडत नाही म्हणून तो थांबतो. एक पॅकेज टाकलं की प्रश्न मिटतो.

सोर्सवरून बिल्ड करायची वेळ आली तर

ॲप्टमध्ये नसलेलं व्हर्जन हवं असेल तर सोर्स उतरवावा लागतो. सोर्ससोबत येणारी ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ ही स्क्रिप्ट जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी आणि आयएसएल या लागणाऱ्या लायब्ररी आणते. बिल्ड सोर्स फोल्डरच्या आत कधीही करू नका, बाहेर वेगळा फोल्डर घ्या. कॉन्फिगर करताना प्रीफिक्स म्हणून ‘/ऑप्ट/जीसीसी-१४’ असा स्वतंत्र पत्ता द्या आणि ३२ बिटची गरज नसेल तर मल्टिलिब बंद करा. नेहमीच्या पद्धतीत कंपायलर स्वतःला तीन टप्प्यांत बांधतो, त्यामुळे वेळ लागतो. मशीनला तेवढा अवधी द्या.

एवढं झाल्यावर कंपायलर उत्तम चालतो आणि त्यानं बनवलेला प्रोग्रॅम चालत नाही. कारण वर पाहिलंच. नवी लायब्ररी ‘/ऑप्ट/जीसीसी-१४/लिब६४’ मध्ये आहे आणि लोडरला तो पत्ता माहीत नाही. कंपायलरही आपल्या लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅममध्ये स्वतःहून लिहीत नाही. ही गोष्ट कळेपर्यंत बरेच जण कंपायलरच चुकीचा बसला असं समजून तो पुन्हा बिल्ड करतात.

इथे सगळ्यात जास्त नुकसान करणारा उपाय म्हणजे लोडरला जादा फोल्डर सांगणारं ‘एलडी लायब्ररी पाथ’ हे व्हेरिएबल, टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये कायमचं लिहून ठेवणं. त्या व्हेरिएबलचा परिणाम त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमवर होतो: एडिटर, गिट, पायथॉन, सगळे. त्यात जुन्या जीसीसीच्या लायब्ररीचा फोल्डर असेल, तर सिस्टिमचे नवे प्रोग्रॅम जुनी लायब्ररी उचलतात आणि काल चालणारी गोष्ट आज चालत नाही. दोष कुठे आहे हे शोधताना कुणाला बॅशआरसी आठवत नाही. लोडरला सगळ्या सिस्टिमसाठी फोल्डर सांगणाऱ्या ‘एलडीकॉन्फिग’च्या यादीत जुन्या कंपायलरचा फोल्डर घालणं तर त्याहून वाईट, कारण मग सगळ्या युजरवर परिणाम होतो.

पत्ता प्रोग्रॅममध्येच लिहावा. लिंक करताना, म्हणजे कोडचे तुकडे आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम बनवताना, लिंकरला ‘आरपाथ’ हा पर्याय द्या आणि त्यात नव्या लायब्ररीचा फोल्डर सांगा. मग तो पत्ता फक्त त्या प्रोग्रॅमपुरता राहतो. लोडरचा शोधक्रम असा आहे: आधी प्रोग्रॅममधला जुन्या पद्धतीचा आरपाथ, मग एलडी लायब्ररी पाथ, मग नव्या पद्धतीचा रनपाथ, त्यानंतर एलडीकॉन्फिगची कॅश आणि शेवटी सिस्टिमचे ठरलेले फोल्डर. आजकाल बऱ्याच ठिकाणी लिंकर आरपाथ मागितला तरी रनपाथच लिहितो, म्हणून एलडी लायब्ररी पाथ त्याच्यावर मात करू शकतो. आरपाथ देऊनही चुकीची लायब्ररी लागत असेल तर आधी ते व्हेरिएबल रिकामं करून बघा.

तुमचा जोडीचा कंपायलर सिस्टिमच्या लायब्ररीपेक्षा जुना असेल, तर यातलं काहीही करावं लागत नाही. सिस्टिमची नवी लायब्ररी त्याच्या प्रोग्रॅमना पुरून उरते.

नक्की कुठली लायब्ररी लागली हे अंदाजानं ठरवू नका. ‘एलडीडी’ प्रत्येक लायब्ररीचा पूर्ण पत्ता दाखवतं. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर ते चालवू नका, कारण काही परिस्थितींत ती फाइलच चालवली जाऊ शकते; तिथे फाइल न चालवता वाचणारं ‘रीडएल्फ’ वापरा. आणि ‘एलडी डीबग’ हे व्हेरिएबल ‘लिब्ज’ असं देऊन प्रोग्रॅम चालवला, की लोडर कुठल्या क्रमानं कुठे कुठे शोधतो ते ओळीनं छापतो. अडलेल्या माणसानं सर्वांत आधी हेच वाचावं.

कॅमेऱ्याची जुनी लायब्ररी

अंबडच्या त्या टीमकडे वळू. त्यांची एरर वेगळी असेल. प्रोग्रॅम चालायच्या आधी, लिंक होतानाच ती येईल, आणि त्यात ‘सीएक्सएक्स११’ अशी अक्षरं असतील. ही व्हर्जनची मारामारी नाही. २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ नं स्ट्रिंग आणि लिस्ट यांची आतली मांडणी बदलली. सी++११ च्या मानकानं स्ट्रिंगची कॉपी लिहिण्याच्या क्षणापर्यंत लांबवण्याची युक्ती बंद केली होती आणि लिस्टला आपली लांबी तत्काळ सांगता येणं बंधनकारक केलं होतं. जुनी मांडणी मोडली असती तर जगभरातले तयार प्रोग्रॅम बंद पडले असते. म्हणून जीसीसीनं दोन्ही मांडण्या एकाच लायब्ररीत ठेवल्या आणि नवीला वेगळी नावं दिली.

त्यामुळे जुन्या कॅमेरा लायब्ररीसाठी जुना कंपायलर लागतच नाही. नव्या जीसीसीलाच ‘जीलिबसीएक्सएक्स यूज सीएक्सएक्स११ एबीआय’ या मॅक्रोची किंमत ० दिली की तो जुन्या मांडणीत कोड तयार करतो, आणि भाषेच्या नव्या सोयी बहुतेक तशाच मिळतात. पण मग स्ट्रिंगची देवाणघेवाण करणारा सगळा कोड त्याच मांडणीत हवा, म्हणजे ओपनसीव्ही ही प्रतिमांवर काम करणारी लायब्ररीसुद्धा पुन्हा बिल्ड करायची. मोठ्या प्रोजेक्टमध्ये हे जड जातं. मी सुचवेन तो मार्ग असा: कॅमेऱ्याशी बोलणारी एकच छोटी फाइल जुन्या मांडणीत बिल्ड करा. बाहेर तिची फंक्शन साध्या सी पद्धतीची ठेवा, ज्यांत पॉइंटर आणि आकडेच येतात-जातात, स्ट्रिंग नाही. बाकी सगळा कोड नव्या मांडणीत. चालताना दोन्ही बाजूंना एकच लिबएसटीडीसी++ पुरते, कारण दोन्ही मांडण्या तिच्या पोटात आहेत. आणि हो, त्या फाइलमधून एक्सेप्शन बाहेर पडू देऊ नका, आतच पकडून एरर कोड परत द्या.

फोरट्रानमध्ये मात्र एवढी दयामाया नाही. तिथे मॉड्यूलच्या फाइलींचा फॉरमॅट कंपायलरच्या आवृत्तीनुसार बदलत आला आहे आणि लिबजीफोरट्रानचा आकडाही बदलला: जीसीसी ६ पर्यंत ३, जीसीसी ७ ला ४, ८ पासून ५. पुराचं मॉडेल चालवणाऱ्या विद्यार्थिनीनं मॉडेल जीसीसी ९ वर नेलं, तर माहितीच्या फाइली वाचणाऱ्या नेटसीडीएफची फोरट्रान लायब्ररीही ९ वरच बिल्ड करावी. त्याआधी एक सोपा प्रयोग करून बघावा. नव्या कंपायलरला ‘अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच’ हा पर्याय देता येतो आणि मग ती एरर पुन्हा वॉर्निंग होते. कित्येकदा दुसऱ्या कंपायलरची गरज तिथेच संपते.

विंडोजवर

विंडोजवर मिंगडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी) वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा घोळ याच जातीचा आहे. कोडब्लॉक्ससोबत एक मिंगडब्ल्यू आलेला असतो, एमएसवायएस२ मधून दुसरा, आणि आणखी कुठल्या सॉफ्टवेअरनं आपली लिबएसटीडीसी++-६.डीएलएल पाथमध्ये आणून ठेवलेली असते. विंडोज आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरात बघतं आणि पाथ सगळ्यात शेवटी. म्हणून ज्या कंपायलरनं बिल्ड केलं त्याचीच डीएलएल प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवा, किंवा छोटा प्रोग्रॅम असेल तर स्टॅटिक लिंक करा, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅममध्येच मिसळा. ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट’ सापडत नाही असा चौकोन आला, तर ‘व्हेअर’ कमांडनं त्या डीएलएलच्या किती प्रती पाथमध्ये आहेत ते मोजा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या व्हिज्युअल स्टुडिओच्या लायब्ररी एकमेकींशी जुळतात. अट एकच: शेवटचं लिंकिंग त्यातल्या सर्वांत नव्या टूलसेटनं करायचं आणि मशीनवरचं रीडिस्ट्रिब्युटेबल (चालताना लागणाऱ्या लायब्ररींचं पॅकेज) निदान तेवढं नवं हवं.

जीलिबसी आणि शॉप-फ्लोअरचा पीसी

एक लायब्ररी कंपायलरसोबत येत नाही: जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. नाव जीलिबसीएक्सएक्सच्या जवळचं असल्यानं एरर वाचताना गोंधळ होतो. शेवटी ‘एक्सएक्स’ आहे की नाही ते नीट पाहा. एक्सएक्स नसेल तर प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे, कंपायलर बदलून तो सुटणार नाही. आणि चालू मशीनची जीलिबसी हातानं कधीही बदलू नका. साध्या फाइली दाखवणाऱ्या कमांडपासून लॉगिनपर्यंत सगळं तिच्यावर उभं आहे.

ऑफिसात उबंटू २२.०४ आहे, तिची जीलिबसी २.३५. कारखान्यात मशीनशेजारच्या पीसीवर २०.०४ आहे, तिची २.३१. ऑफिसात बिल्ड केलेला चार ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा तिथे ‘जीलिबसी २.३४ सापडलं नाही’ म्हणतो, कारण प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लागणाऱ्या फंक्शनलाच २.३४ मध्ये नवा क्रमांक मिळाला. कंपायलर नवा हवा आणि जीलिबसी जुनी हवी, हे दोन्ही एकदम साधायचं असेल तर रेड हॅटच्या घराण्यातला जीसीसी टूलसेट पाहा. अल्मालिनक्स ८ च्या कंटेनरमध्ये ‘जीसीसी टूलसेट १२’ टाका. तिथली जीलिबसी २.२८ आहे, म्हणजे कारखान्यातल्या पीसीपेक्षा जुनी. आणि हा टूलसेट सिस्टिमच्या लिबएसटीडीसी++ मध्ये नसलेले नवे तुकडे तेवढेच प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक मिसळतो, बाकी सगळं सिस्टिमच्या लायब्ररीतून घेतो. त्यामुळे नवी लायब्ररी सोबत न्यावी लागत नाही. पायथॉनची तयार पॅकेजं बनवणारेही मॅनीलिनक्स नावानं याच तत्त्वावर काम करतात.

बिल्ड झालेल्या फाइलवर ‘ऑब्जडंप’ चालवून तिनं मागितलेले जीलिबसी आणि जीलिबसीएक्सएक्सचे क्रमांक काढा, त्यातला प्रत्येकी सर्वांत मोठा बघा. पहिला २.३१ च्या आणि दुसरा ३.४.२८ च्या आत असेल, तर तो प्रोग्रॅम २०.०४ च्या पीसीवर या दोन लायब्ररींसाठी तरी अडणार नाही. कॅमेऱ्याच्या लायब्ररीवरही हीच तपासणी करा, कारण ती तुम्ही बिल्ड केलेली नाही.